एका सुतानं पुढे

नाशिक शहर आणि पंचक्रोशीतील सर्व सुज्ञ नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, बरोबरी नावाची वस्तू या जगात अस्तित्वात नाही. दोन आंबे सारखे नसतात, दोन बस एकदम सुटत नाहीत, दोन सासवा एकाच वेळी रुसत नाहीत. कुठल्याही दोघांत एक पुढे असतो आणि एक मागे. ज्याला हे दिसत नाही त्यानं डोळे तपासून घ्यावेत. हा सिद्धान्त माझा नाही, माझी तेवढी छाती नाही. हा माझ्या थोरल्या साडूंचा सिद्धान्त असून तो त्यांनी जन्मभर, कुणीही विचारलेलं नसताना, लग्नाच्या मांडवापासून प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यापर्यंत सर्वत्र सिद्ध करून दाखवलेला आहे. देवानं सृष्टी घडवली तेव्हा मापं तपासायला कुणी ठेवला असेल, तर ते आमचे साडूच असणार. आणि देव त्यांना वैतागला असणार, म्हणूनच त्यानं त्यांना सातपूरला धाडून दिलं.

सातपूरच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, डोळ्यासमोर धरायचा, माप लावायचं आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ एवढंच बोलायचं, ही त्यांची नोकरी. पण पाळी संपली तरी ती सुटायची नाही. ताईनं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, भाकरी वाढली की ते ती ताटातल्या ताटात फिरवून बघत, ‘पास’ म्हणत आणि मग खात. कारखान्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग चालायचा; घरी मात्र त्यांचं माप एकच, सूत. हे कापसाचं सूत नव्हे. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक सूत. शाळेतून इंच हद्दपार झाले, सेंटिमीटर आले, पण आमच्याकडचा सुतार अजून ‘एक सूत तासून घ्या’ असंच म्हणतो, आणि आमचे साडू तर मनुष्यस्वभावसुद्धा सुतातच मोजायचे. “तुझा धाकटा मेव्हणा तुझ्यापेक्षा हुशार आहे,” ते मला एकदा म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून दिलासा दिला, “फार नाही. एक सूत.”

त्यांच्या बहिणीला जुळे मुलगे झाले, तेव्हाची गोष्ट. सगळी मंडळी पेढे वाटायच्या घाईत, आणि हे नर्सबाईंना गाठून विचारतायत, “पहिला कोण?” बाई दमलेल्या होत्या. म्हणाल्या, “दोघं एकदमच समजा हो.” साडूंना ते सहनच झालं नाही. “एकदम कसे? रांग असणारच ना!” शेवटी त्या माउलीनं वैतागून एकाकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे यांच्या गळ्याखाली पेढा उतरला. तो बोट दाखवलेला मुलगा आजही घरात ‘दादा’ आहे, आणि दुसरा आजही म्हणतो की त्या बाईंचं बोट भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

माझ्या स्वतःच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आम्ही एकमेकांना हार घातले, बँडवाल्यानं फुंकर मारायला गाल फुगवले, आणि त्या नेमक्या शांततेत मांडवाच्या खांबाजवळून खणखणीत निकाल आला, “नवरी! एका सुतानं आधी!” मुलीकडच्या बाजूनं टाळ्या पडल्या. माझी आई दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या संसारात तो निकाल किती अचूक ठरला हा भाग वेगळा.

चहाच्या टपरीवर दोन ग्लास आले की साडू बाकावरून उतरून उकिडवे बसत आणि डोळा काचेच्या पातळीत आणून दोन्ही चहांची उंची ताडत. जास्त भरलेला ग्लास ते समोरच्याला देत. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण त्यांचं मोजणं कधी स्वतःसाठी नसायचं. त्यांना फक्त खरं काय ते माहीत असायला हवं असे. एकदा टपरीवाला कंटाळून म्हणाला, “साहेब, प्या आता. निवला की दोन्हीकडचा सारखाच लागतो.” यावर साडू गंभीरपणे म्हणाले, “निवण्यातसुद्धा एक आधी निवतो.”

या माणसापुढे न डगमगणारी व्यक्ती सबंध नाशकात एकच, आणि ती त्यांच्याच घरात होती. ताई रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. ठिपके नाहीत, साचा नाही. बसायची आणि चिमटीतून रेघ सोडायची. साडू कामावर निघताना थांबत, मान तिरकी करत आणि म्हणत, “डावी पाकळी एक सूत मोठी आहे.” ताई वर न बघता म्हणायची, “मग संध्याकाळी डावीकडून आत या.” आणि खरंच, मी पाहिलेलं आहे, ते संध्याकाळी डावीकडून आत यायचे.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस समाजाच्या काय उपयोगाचा? समाजाचंही हेच मत होतं. लग्नकार्यात त्यांच्याशेजारी बसायला कुणी धजत नसे, आणि ‘भाऊ, आता तुम्ही काही बोलू नका’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की एखाद्या समारंभात कुणी ते म्हणालं नाही, तर त्यांना आपण चुकीच्या कार्यालयात आलो की काय अशी शंका यायची. पण नव्वदच्या दशकाच्या उतरतीला असा एक दिवस आला की अख्ख्या त्र्यंबक रोडला फक्त त्यांचंच मत हवं होतं.

आमच्या भागातलं एक मंडळ तेव्हा सायकल शर्यत भरवायचं. सातपूरहून निघायचं, त्र्यंबकेश्वर गाठायचं आणि वळून परत सातपूरला यायचं. हौशी पोरांची शर्यत वेगळी, आणि बक्षिसावर जगणाऱ्या पक्क्या स्वारांची वेगळी. त्या पक्क्यांच्या शर्यतीत आदल्या वर्षी पहिलं कोण आलं ते गर्दीनं ओरडून ठरवलं होतं. ज्याची माणसं जास्त, तो जिंकला. त्यावरून डोकी फुटायची वेळ आली. म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी, हे प्लायवूडचे व्यापारी, यंदा फोटो काढायचं ठरवलं. स्टुडिओवाला मिळाला. पण फोटो बघून निकाल देणार कोण? अध्यक्ष म्हणाले, “ज्याला कुणाचंच भलं बघवत नाही असा माणूस पाहिजे.” मी साडूंचं नाव सुचवलं. ज्या क्षणी ते एकमतानं मंजूर झालं, त्या क्षणी मला कळलं की सगळ्यांच्याच घरच्या लग्नांत ते निकाल देऊन आलेले आहेत.

साडूंनी ही गोष्ट ज्या थाटात घेतली, त्या थाटात लोक मंत्रिपदसुद्धा घेत नाहीत. नियमांचं पुस्तक मिळवून पाठ केलं. शर्यतीच्या सकाळी स्वार त्र्यंबककडे रवाना होताच त्यांनी रस्त्यावर दोरी ताणून, चुन्याची फक्की टाकून, शेवटची रेघ अशी मारली की वाटलं, पृथ्वी इथूनच दुमडतात. तिच्या टोकाशी कॅमेऱ्याचं तिकाटणं, त्याला गवंड्याचा ओळंबा बांधून, रेघेशी तंतोतंत जुळवून ठेवलं. स्टुडिओवाल्याला दम भरला, “बटण दाबण्यापलीकडे तुम्ही काहीही करायचं नाही. श्वाससुद्धा हळू.”

मग ते चहा प्यायला गेले, आणि तेवढ्यात ताई शेजारणींना घेऊन शर्यत बघायला आली. तिनं ती रेघ पाहिली. “अगं बाई, किती भुंडी दिसतेय!” असं म्हणून ती तिथेच बसली. साडू परत येईपर्यंत चुन्याच्या रेघेच्या अलीकडे, स्वार येणार त्या बाजूला, रस्त्याची निम्मी रुंदी भरून कुयऱ्या, कमळं आणि ‘सुस्वागतम्’ असा थाट उभा राहिलेला होता. साडूंचा चेहरा चुन्यासारखा झाला. “अगं, ही रेघ आहे! रेघ दिसली पाहिजे!”

“दिसेल की,” ताई हात झटकत म्हणाली. “नटलेली बाई दिसत नाही का?”

पुसायला वेळ नव्हता. त्र्यंबकच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.

दोघंच पुढे होते. एक सांगलीचा, नामांकित, पायांचे खांब झालेला, पाठीमागे जीपमध्ये त्याचे मॅनेजर. दुसरा सुरगाण्याकडचा. पावसाळ्यात डोंगरात भात आणि नागली लावायची, आणि उरलेल्या दिवसांत नाशकाकडे येऊन द्राक्षबागांत मजुरी करायची, असा त्याच्या घराचा क्रम होता. त्या वर्षी एका कारखान्यानं जाहीर केलं होतं की पक्क्यांच्या शर्यतीत जो पहिला येईल त्याला आपल्या सायकल संघात घेऊ आणि कायमची नोकरी देऊ. जागा एकच. सकाळी मी त्याच्या पाठीला नंबर लावत असताना सुरगाण्याचा मला म्हणाला होता, “नोकरी झाली ना भाऊ, तं बायको-पोरगीला इथंच आणीन. दरसाल पोरगीची शाळा सुटते माझ्या मागं फिरून. लय हुशार हाय ती.” मी हसून ‘येशील रे पहिला’ म्हणालो होतो. असं म्हणायला आपल्याला काही पैसे पडत नाहीत.

दोघं खांद्याला खांदा लावून आले. सांगलीकर मान खाली घालून, नाकासमोर, रांगोळीतून आरपार गेला. त्याच्या चाकानं ‘सुस्वागतम्’मधला ‘सु’ पार सातपूरच्या चौकापर्यंत नेला. आणि सुरगाण्याच्या स्वारानं काय करावं? रांगोळी समोर आल्याबरोबर त्यानं हँडल वर ओढलं आणि घोड्यावर बसल्यासारखी सायकलसकट उडी मारली! रांगोळीच्या कणालाही न शिवता तो पलीकडे उतरला. गर्दीचा ‘आं’ झाला. त्या ‘आं’मध्ये स्टुडिओवाल्यानं बटण दाबलं.

फोटो धुवून, मोठा करून येईपर्यंत दुपार झाली. मंडळाच्या मांडवात दोरीला चिमट्यानं तो ओला फोटो टांगला, आणि साडू भिंग घेऊन पुढे झाले. एक चाक जमिनीवर, सांगलीचं, रेघेला भिडायच्या बेतात. दुसरं चाक वीतभर हवेत, रेघेच्या वर. साडूंनी एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून.  सुरगाण्याचा खांबाला टेकून उभा होता आणि फोटोकडे न बघता साडूंच्या पाठीकडे बघत होता. मग साडू वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी निकाल विचारलेला होता, आणि त्यांनी तो अगदी हळू आवाजात दिला, “सुरगाणा. एका सुतानं पुढे.”

“ओ, थांबा की!” सांगलीचे मॅनेजर उठले. “रेघ कुठं मारलीया? जमिनीवर. आमचं चाक कुठं हाय? जमिनीवर. आणि ह्याचं? हवेत! जे चाक टेकलंच न्हाई, त्यानं रेघ गाठली कशी म्हणायची? उद्या एखादा विमानातनं यील!”

लोक हसले. साडूंनी नियमाचं पुस्तक उघडलं आणि अडखळत, पण निष्ठेनं वाचलं की शर्यत जमिनीवरच्या रेघेशी संपत नाही, त्या रेघेवर सरळ उभ्या असलेल्या व्हर्टिकल प्लेनशी संपते.

“प्लेन?” मागून कुणी तरी ओरडलं. “ओझरचं का?”

आता मात्र मांडव कोसळला. ज्या भागात विमानांचा कारखाना आहे तिथे ‘प्लेन’ म्हणजे रेघेवर उभी कल्पलेली सपाट भिंत, हा दुसरा अर्थ कोण ऐकणार? साडू “तसं नाही, तसं नाही” म्हणत राहिले आणि हसू वाढत राहिलं. लोक त्यांना जन्मभर हसत आले होते, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. त्यांचे कान लाल झाले.

अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. “भाऊ, कशाला डोक्याला ताप? बरोबरी करून टाका. दोघंही पहिले. दोन हार आणू.”

“आणि नोकरी?” मी विचारलं.

कारखान्याचे साहेब शेजारीच होते. ते म्हणाले, “बरोबरी झाली तर आम्हाला अनुभव बघावा लागेल. सांगलीचे मोठ्या शर्यती खेळलेले आहेत.”

सुरगाण्याच्या स्वारानं ते ऐकलं. तो नुसता खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला, हरून घरी निघालेला माणूस सोडतो तशी.

साडूंनी ते पाहिलं. “बरोबरी हा नुसता शब्द आहे हो,” ते अध्यक्षांना म्हणाले.  “तशी वस्तू नसते. नसलेली वस्तू मी पास कशी करू?”

“मग लोकांना पटवा!”

आणि इथेच तर सगळं अडलं होतं. साडूंना खरं दिसायचं. पटवायची कला त्यांच्याकडे एक सूतही नव्हती. ते पुस्तक छातीशी धरून नुसते उभे राहिले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं ताई उठली. हाताला अजून रांगोळी होती. ती थेट सांगलीच्या मॅनेजरांसमोर गेली.

“काय हो दादा, तुमच्या सांगलीला घरांना उंबरठा असतो का?”

“असतोय की.”

“त्याच्यावर पाय देऊन आत येता?”

“छ्या! लक्ष्मी असती वहिनी ती. उंबऱ्यावर कोण पाय देतंय?”

“मग कसे येता?”

“वलांडून.”

“ओलांडून आलात, की घरात आलात का नाही? का उंबऱ्याला पाय टेकला नाही म्हणून बायको तुम्हाला अंगणातच वाढते?”

मॅनेजर डोकं खाजवायला लागले.  मग बायकांच्या बाजूनं हसू फुटलं, आणि या वेळी ते साडूंना नव्हतं. सांगलीचा स्वार, तो नामांकित गडी, स्वतःच मान हलवत पुढे आला. “मामा, बसा आता खाली,” तो मॅनेजरांना म्हणाला. “घरात पयला त्योच गेला. आणि उडी मारून गेला, मला जमली नसती.” त्यानं सुरगाण्याच्या स्वाराला हाताला धरून उठवलं. त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेलीच होती. तशाच बुटात त्यानं हार घालून घेतला.

नोकरी त्याला मिळाली. सातपूरला खोली घेतली, बायको आली, मुलगी इथल्या शाळेत गेली. दिवाळीला तो साडूंकडे डोंगरातले तांदूळ घेऊन यायचा. ताई ते निवडताना म्हणायची, काय सुवास आहे, आणि साडू म्हणायचे, गेल्या वर्षीपेक्षा एक सूत कमी. शर्यत आणखी काही वर्षं चालली. मग त्र्यंबक रोडवर इतक्या गाड्या झाल्या की सायकलवाल्यांना कडेनंसुद्धा जाता येईना, आणि मंडळानं तिचा नाद सोडला. तो फोटो मात्र साडूंच्या बैठकीत, लोक वाडवडिलांचे फोटो लावतात त्या जागी लागला. आलेला पाहुणा आधी त्या फोटोपुढे उभा केला जायचा आणि मग त्याला पाणी विचारलं जायचं. उडी, ओळंबा, प्लेन, उंबरठा, सगळं क्रमानं व्हायचं, आणि शेवटी साडूंची करंगळी काचेवर त्या दोन चाकांच्या मधल्या जागी टेकायची. “हे बघा. एक सूत.” पाहुणा हो म्हणायचा. मीही कैक वेळा हो म्हणालो आहे.

निवृत्तीनंतर त्यांची नजर उतरत गेली. मोतीबिंदूचा एक डोळा केला, दुसरा करायचा होता. चहाचे ग्लास आले की ते आता नुसते हातात घ्यायचे, कुठला जास्त भरलाय ते न बघता. भाकरी ताटात फिरवायची सवय राहिली होती, पण ती फिरवून झाल्यावर ते ‘पास’ म्हणायचे नाहीत. ताईला ते फार जाणवायचं. एकदा मला म्हणाली, “हल्ली रांगोळीला नावं ठेवत नाहीत. मुद्दाम वाकडी काढून बघितली.”

अशातच एका रविवारी मी तिथे बसलेलो असताना त्यांच्या मुलीला सांगून आलेल्या स्थळाकडची मंडळी आली. मुलाच्या वडिलांची नजर फोटोवर गेली. “अरे वा, हा काय प्रकार आहे?” झालं. साडू उठले. इतके दिवस खुर्चीत मिटून बसलेला माणूस उलगडत गेला. उडी झाली, ओळंबा झाला, प्लेनला पाहुणे खळखळून हसले, उंबरठ्याला तर मुलाच्या आईनं टाळी दिली. आणि मग मुलाच्या वडिलांनी अगदी साळसूदपणे विचारलं, “पण यात पुढे कुठलं चाक आहे म्हणायचं?”

साडूंची करंगळी वर गेली, काचेजवळ आली आणि थांबली. ते आणखी जवळ गेले. चष्मा काढला, पुसला, लावला. करंगळी थोडी डावीकडे सरकली, थोडी उजवीकडे.  मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“अगं,” त्यांनी आत हाक मारली. आवाज इतका साधा होता की मी चमकलो. “जरा ये गं. ह्यांना दाखव, कुठलं पुढे आहे ते. मला आता नीट दिसत नाही.”

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पाहुण्यांचं, स्थळाचं, कशाचंही भान न राहता एकदम बोलून गेली, “अहो, मला काय विचारता? मला तर त्या दिवशीसुद्धा दोन्ही सारखीच दिसली होती!”